गांजाचा वास, टर्पीन आणि डबीवरचं लेबल

रसायनी

कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. आमच्या ऑंटारियोत त्याची दुकानं आता कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. पूर्वी डबीवर टीएचसी (नशा आणणारं रसायन) आणि सीबीडी (त्याचंच नशा न आणणारं भावंड) एवढेच आकडे असायचे. हल्ली बऱ्याच कंपन्या खाली 'एकूण टर्पीन ३.१ टक्के' असंही छापतात आणि पुढे मिर्सीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन अशी नावं. काउंटरवरचं पोरगं त्या नावांवरून भविष्य सांगतं. मिर्सीन जास्त असेल तर गाढ झोप, लिमोनीन असेल तर मूड मस्त, पायनीन असेल तर डोकं तल्लख. गेल्या गटगला (मंडळींच्या भेटीत) यावरून जोरदार वाद झाला. मी अशीच फुलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांनी मलाच पंच नेमलं. तर हा धागा त्याचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. वासाबद्दल ते लेबल बऱ्यापैकी खरं असतं. परिणामाबद्दल जे सांगतात, त्यातलं बहुतेक पुराव्याच्या फार पुढे पळालेलं आहे.

टर्पीन म्हणजे वनस्पतींनी आयसोप्रीन या पाच कार्बनच्या एककापासून बनवलेली तेलकट रसायनं. दोन एककं जोडली की दहा कार्बनचे मोनोटर्पीन, तीन जोडली की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन. पहिले हलके, चटकन उडणारे: मिर्सीन, लिमोनीन, पायनीन, टर्पिनोलीन. दुसरे जड, रेंगाळणारे: कॅरिओफिलीन, ह्युम्युलीन, बिसाबोलॉल. यात गांजाची खास मक्तेदारी काही नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. धण्याच्या तेलात सर्वात मोठा वाटा लिनालूलचा. मिरी आणि लवंगेत कॅरिओफिलीन. रेणू तोच असेल तर तो धण्यातून आला की गांजातून, याने नाकाला काहीच फरक पडत नाही.

गांजात हे सगळं बनतं मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींमध्ये. साध्या भिंगाखाली त्या छान दिसतात: पारदर्शक देठ आणि त्यावर गोल डोकं, छत्रीच्या आळंबीसारखं. टीएचसीचा पूर्वज टीएचसीए हाही त्याच डोक्यात बनतो. गंमत म्हणजे दोघांचा कच्चा माल एकच आहे, जेरानिल पायरोफॉस्फेट. एका एन्झाइमच्या हाती लागलं तर त्याचं मिर्सीन होतं, दुसऱ्याच्या हाती लागलं तर लिमोनीन. आणि ऑलिव्हेटॉलिक आम्लाला जाऊन चिकटलं तर सीबीजीए होतं, ज्यातून पुढे टीएचसीए आणि सीबीडीए निघतात. म्हणजे टीएचसी हा टर्पीनांचा निम्मा भाऊबंदच.

आता आमच्याकडे काय करतात ते. फूल तसंच दळलं तर गिरणीच्या उष्णतेनेच हलके टर्पीन उडून जातात, म्हणून ते द्रवरूप नायट्रोजनने गोठवून दळायचं आणि कुपी लगेच बंद करायची. टीएचसीए आम्ही द्रव क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) मोजतो, कारण गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडात शिरल्याशिरल्या त्याचं टीएचसी होऊन जातं. टर्पीनांसाठी मात्र गॅसच. नळीतून सर्वांत आधी अल्फा-पायनीन बाहेर येतं, मग कॅम्फीन, बीटा-पायनीन, मिर्सीन, लिमोनीन, थोड्या वेळाने लिनालूल, आणि बऱ्याच शांततेनंतर कॅरिओफिलीन आणि पाठोपाठ ह्युम्युलीन. बिसाबोलॉल अगदी शेवटी, तोवर माझा चहा झालेला असतो. डबा महिनोन्महिने पडून असेल तर पडद्यावरच्या आलेखात डाव्या बाजूचे, म्हणजे हलक्या टर्पीनांचे, सुळके खुजे झालेले दिसतात, उजवीकडचे तग धरून असतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताज्या फुलातलं निम्म्याहून अधिक सुगंधी तेल तीन महिन्यांत उडालं होतं. तेव्हा लेबलवरचा आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो, तुम्ही डबी उघडता त्या दिवसाचा नसतो. डबीवर पॅकिंगची तारीख असते, ती आधी बघा.

कट्ट्यावरचा

पहिला नंबर! वाचतोय. (फक्त वाचतोय हो, आमच्या हिची पण इथे आयडी आहे.)

मुळशीकर

मस्त धागा. मी पुण्याजवळच्या एका क्राफ्ट ब्रुअरीत आहे. ही सगळी नावं रोज तोंडात असतात, कारण हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, कॅनाबेसीतले. ह्युम्युलीनचं नावच हॉप्सच्या ह्युम्युलस या प्रजातीवरून आलंय. मिर्सीन, ह्युम्युलीन, कॅरिओफिलीन हेच आमच्या तेलातले मोठे गडी.

उडून जाण्याबद्दल लिहिलंय ते आमच्याकडे कामाचं वेळापत्रकच ठरवतं. कडवटपणासाठी हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकायचे, तासभर उकळले की वास जवळपास सगळा वाफेबरोबर जातो. वास हवा असेल तर आच बंद करताना टाका, नाहीतर थेट थंड टाकीत. नवीन पोरं आधीच सगळे हॉप्स ओतून मोकळी होतात आणि मग विचारतात वास कुठे गेला.

एक शंका. हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली की तिला जो घाण वास येतो, तो मला गांजाच्या वासाच्या फार जवळचा वाटतो. तोही टर्पीनच का?

रसायनी

@मुळशीकर, नाक जबरदस्त आहे तुमचं. नाही, तो टर्पीन नव्हे. उन्हाने हॉप्समधली कडू आम्लं तुटतात आणि ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायॉल नावाचं गंधकाचं संयुग तयार होतं. २०२१ साली एका अमेरिकी गटाने दाखवलं की गांजाचा जो ओळखीचा उग्र, स्कंकसारखा भपकारा असतो, त्याच्या मुळाशी हाच रेणू आहे. प्रमाण अत्यल्प, पण नाकाला ते पुरतं. त्याच कुटुंबातल्या इतर संयुगांची ठेवण लसणातल्या गंधक संयुगांशी मिळतीजुळती आहे. २०२३ मध्ये त्याच गटाने पुढचं काम केलं. दोन वाणांचे टर्पीन जवळजवळ सारखे असूनही वास निराळे का येतात, याचं उत्तर पुन्हा अशाच किरकोळ प्रमाणातल्या रेणूंमध्ये मिळालं, त्यात गंधक संयुगं होती आणि इंडोल-स्कॅटोलही.

म्हणजे टर्पीनांची पूर्ण यादी हातात असली तरी वासाचं कोडं त्यातून पुरतं सुटत नाही. आणि बहुतेक लेबलांवर पहिली तीनच नावं असतात.

आमटीभात

माहितीपूर्ण. माझा या विषयाशी संबंध शून्य, पण भाच्याने एक रील पाठवलं होतं. आंबा खाऊन मग गांजा ओढला तर म्हणे चढतो जास्त, आंब्यात मिर्सीन असतं म्हणून. आणि त्यात चक्क हापूस दाखवला होता! हापूसची ही बदनामी आहे का खरं आहे? (हलकेच घ्या.)

गंधवेडी

@आमटीभातताई, हापूसपुरतं मी सांगते, मी फ्लेवरच्या धंद्यात आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) हापूसच्या वासावर बारकाईने काम झालंय, कैरीपासून पिकेपर्यंत कुठली रसायनं कधी वाढतात याचं. हापूसमध्ये प्रमाणाने मुख्य मोनोटर्पीन निघतं ऑसिमीन. मिर्सीन असतं, पण नायक तो नव्हे. आणि पिकलेल्या हापूसचा जो गोड, घर भरून टाकणारा वास, त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन यांचा हात मोठा, ते तर टर्पीनच नाहीत. इतर जातींत मुख्य टर्पीन वेगळं असतं, काहींत टर्पिनोलीन, काहींत कॅरीन. तेव्हा 'आंबा म्हणजे मिर्सीन' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने बाजारात जाऊन दोन आंबे शेजारी धरून हुंगलेले नाहीत.

खाल्लेलं मिर्सीन पोटातून, यकृतातून पार होऊन मेंदूपर्यंत किती पोचेल तो वेगळाच प्रश्न. रीलवाले तिथपर्यंत जात नाहीत.

टोरांटोकर

रसायनी, तुम्ही पुरावा पुरावा करताय, पण मी अधूनमधून घेतो आणि मला फरक स्पष्ट जाणवतो. दुकानात गांजाचे इंडिका आणि सॅटिव्हा असे दोन प्रकार सांगतात; इंडिका घेतली की अंग जड, सोफ्यावरून उठवत नाही. सॅटिव्हा घेतली की घर आवरायला घेतो. बायको साक्षीला आहे. टर्पीन नाही तर मग काय? आणि मिर्सीन अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की इंडिका, असं सगळीकडेच लिहिलेलं असतं.

रसायनी

@टोरांटोकर, तुम्हाला फरक जाणवत नाही असं मी म्हणणारच नाही. प्रश्न एवढाच की तो कशामुळे. डबीवर 'इंडिका' वाचून, पोराचं भाषण ऐकून, रात्री जेवणानंतर सोफ्यावर बसून तुम्ही ती घेता. सॅटिव्हा रविवारी सकाळी. दोन्ही डब्यांत टीएचसीही वेगळं. यातलं टर्पीनचं श्रेय वेगळं काढणार कसं? वहिनींना सांगा, कागदाच्या पुड्यांत नाव न घालता द्या, त्याही एकाच वेळेला. मग बोलू.

त्या अर्ध्या टक्क्यामागे माणसांवरचा कुठलाही प्रयोग नाही. कुणीतरी सोयीची रेघ मारली आणि बाकीच्यांनी ती उतरवून घेतली.

इंडिका-सॅटिव्हाची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. सॅटिव्हा हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं, इंडिका लामार्कने १७८५ मध्ये, भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. आज दुकानात जे मिळतं ते दोन्हींच्या इतक्या संकरांतून आलंय की नावाला कुळाचा आधार फारसा उरलेला नाही. २०२१ साली नेदरलँड्समधल्या शंभराहून अधिक नमुन्यांची जनुकं आणि रसायनं तपासली गेली. लेबलाचा एकूण जनुकीय नात्याशी मेळ बसला नाही. मात्र थोड्या टर्पीनांशी बसला: 'इंडिका' म्हटलेल्यांत मिर्सीन जास्त, 'सॅटिव्हा' म्हटलेल्यांत फार्नेसीन आणि बर्गामोटीन. आणि हे टर्पीन बनवणाऱ्या जनुकांच्या एका छोट्या भागाशी जुळलं. माझा अर्थ असा की पिकवणारे वर्षानुवर्षं फूल हुंगून नाव ठेवत आलेत. मातकट वास आला की इंडिका. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सहा राज्यांतले नव्वद हजारांच्या आसपास नमुने तपासले गेले, तिथेही लेबल आणि रसायन यांचा संसार काही जमला नाही.

औषधीबाई

डॉक्टर म्हणून थोडं लिहिते. 'आन्तुराज इफेक्ट', म्हणजे सगळे घटक मिळून टीएचसीचा परिणाम बदलतात, हा शब्द या चर्चेत येणारच. तो १९९८ सालचा, पण मुळात तो गांजाबद्दल नव्हता. आपल्या शरीरातच बनणाऱ्या एका कॅनाबिनॉइडबरोबर (टीएचसीसारखं काम करणाऱ्या रसायनाबरोबर) असलेले निष्क्रिय वाटणारे रेणू त्याचं काम वाढवतात, असं इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या गटाने मांडलं होतं. गांजाच्या टर्पीनांना ती कल्पना नीट लावली ती ईथन रुसो यांनी, २०११ च्या एका दीर्घ लेखात. तो लेख विचारपूर्वक लिहिलेला आहे, पण त्यात मांडलेल्या बऱ्याच गोष्टी तपासायच्या होत्या. बाजाराने त्या सिद्ध झाल्यासारख्या छापल्या.

तपासल्यावर काय दिसलं? २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने सहा नेहमीचे टर्पीन पेशींवर टाकून पाहिले. सीबी१ आणि सीबी२ या रिसेप्टरांवर (पेशींवरच्या ज्या जागांना हे रेणू चिकटतात त्यांवर) टीएचसी जे करतं त्यात काहीही बदल नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत उंदरांवर काही टर्पीनांनी वेदना कमी केल्या, पण डोस भरपूर होते. कॅरिओफिलीनचं प्रकरण मात्र खरंच वेगळं आहे. २००८ साली दाखवलं गेलं की ते थेट सीबी२ ला चिकटतं आणि उंदरांमध्ये सूज कमी करतं. सीबी२ नसलेल्या उंदरांत तो परिणाम गायब होतो. पण सीबी२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो. नशा सीबी१ मधून येते. त्यामुळे 'जास्त चढली तर मिरी चावा' या सल्ल्याला कॅरिओफिलीनचा आधार देता येत नाही.

माणसांवरचा चांगला अभ्यास २०२४ चा, जॉन्स हॉपकिन्सचा. वीस जणांना टीएचसीची वाफ दिली, कधी नुसती, कधी लिमोनीनबरोबर. टीएचसी ३० मिलिग्रॅम आणि लिमोनीन १५ मिलिग्रॅम असं एकत्र दिलं तेव्हा घाबरल्यासारखं आणि संशयी वाटणं लक्षणीय कमी झालं. हा सर्वांत मोठा डोस त्यातल्या बाराच जणांनी घेतला होता. नुसतं लिमोनीन म्हणजे प्लासीबोसारखंच (औषध नसलेल्या नकली डोससारखंच) निघालं.

आता गणित करा. त्या प्रयोगात लिमोनीन आणि टीएचसीचं प्रमाण एकास दोन. दुकानातल्या फुलात टीएचसी समजा २० टक्के आणि लिमोनीन अर्धा टक्का. म्हणजे एकास चाळीस. प्रयोगातलं प्रमाण फुलातून मिळवायचं तर लिमोनीन वीसपट हवं, आणि असं फूल उगवत नाही. लिमोनीनमध्ये काहीतरी आहे, हे मी मान्य करते. डबीवर त्याचं नाव आहे म्हणून तुमची घाबरगुंडी टळेल, हे त्यातून निघत नाही.

टोरांटोकर

एकास चाळीस हे डोक्यात आलं नव्हतं. पुड्यांचा प्रयोग करतो. बायको अंमळ जास्तच उत्साहात आहे.

जुनाट

अवांतर: १८९३-९४ च्या, ब्रिटिशांनी नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाचं वर्णन आहे (आता ते बांगलादेशात). शेतात फिरून नर रोपं ओळखून उपटणारे खास जाणकार असत, त्यांना पोद्दार म्हणत. परागण झालं नाही की मादी फुलं बिया धरण्याऐवजी चीक धरत राहतात. वास त्या चिकातच, हे त्यांना भिंगाशिवाय कळत होतं.

काळाकोट

धागा भरकटायच्या आत भारतातल्या वाचकांसाठी. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, १९८५. त्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळोरा. बिया आणि पानं फुलोऱ्याशिवाय असतील तर ती व्याख्येबाहेर. म्हणून भांग केंद्राच्या कायद्यात बसत नाही, तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. गांजा एक किलोहून कमी असेल तर 'अल्प प्रमाण' आणि वीस किलोहून जास्त असेल तर 'व्यापारी प्रमाण', पण अल्प म्हणजे माफ नव्हे, त्यालाही कैद आहे. कॅनडातल्या नातेवाइकांनी 'थोडीशीच' बॅगेत टाकून आणली तर ती आयात ठरते, आणि तिथे कॅनडाची पावती कामाची नाही.

टर्पीनांवर स्वतःहून काही बंदी नाही. संत्र्याच्या सालीचं लिमोनीन कोणीही विकू शकतो. अमुक वाणाच्या नावाने टर्पीनच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या बहुतेक वेळा संत्री, पाइन, लवंग यांच्यातून काढलेले रेणू मिसळून बनवलेल्या असतात.

निशाचर

त्या बाटल्या वेपमध्ये (वाफ ओढायच्या यंत्रात) घालतात का? आणि किती तापमानाला ओढायचं याचे तक्ते असतात, कॅरिओफिलीन १३० अंश वगैरे, ते बरोबर का?

रसायनी

@निशाचर, काढलेल्या तेलात वास उरत नाही, म्हणून कार्ट्रिजमध्ये टर्पीन वरून घालतात, हे खरं. पण फुलात सगळे मिळून साधारण एक ते तीन टक्के असतात, तिथे पाच-दहा टक्केही घातलेले दिसतात. इतक्या प्रमाणात ते श्वासातून घेणं सुरक्षित आहे असं कुणी दाखवलेलं नाही. खाण्यासाठी चालतं ते फुप्फुसासाठी चालेलच असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे जी फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली, तिचा मुख्य संशयित व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. तेही गोळीत निरुपद्रवीच.

तापमानाचं म्हणाल तर त्या तक्त्यांवर माझा राग आहे. कॅरिओफिलीनचा १३० अंशांच्या आसपासचा आकडा कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करतानाचा आहे. साध्या हवेच्या दाबाला तो अडीचशेच्या वर जातो. कोणीतरी तळटीप न वाचता उतरवला आणि आता प्रत्येक वेप-दुकानाच्या भिंतीवर तो आहे. फार तापवलं तर टर्पीन तुटतात. २०१७ साली पोर्टलंडच्या विद्यापीठातल्या गटाने तापलेल्या पृष्ठभागावर टर्पीन टाकून पाहिले, तेव्हा मेथाक्रोलीन आणि जास्त तापमानाला बेंझीन मिळालं. डॅबिंग (तापलेल्या पृष्ठभागावर अर्क टाकून वाफ ओढणं) करणाऱ्यांनी तेवढं वाचावं.

सुगरण_साताऱ्याची

मला वेगळंच विचारायचंय. आईला गुडघेदुखीसाठी भावाने ऑनलाइन 'विजया' (आयुर्वेदात गांजाच्या झाडाचं नाव) तेल मागवून दिलंय, थेंब जिभेखाली घ्यायचे. बाटलीवर 'भरपूर नैसर्गिक टर्पीन' लिहिलंय. वास मात्र तिळाच्या तेलाचाच येतो. फसवणूक आहे का?

रसायनी

वासावरून लगेच फसवणूक म्हणता येणार नाही. अर्क सक्रिय करण्यासाठी, म्हणजे टीएचसीएचं टीएचसी करण्यासाठी, तो शंभर अंशांच्या वर बराच वेळ तापवावा लागतो, त्यात मोनोटर्पीन जवळजवळ सगळे जातात. कॅरिओफिलीनसारखे जड राहतात, तेही तिळाच्या तेलात विरघळून पार पातळ झालेले. फक्त मग 'भरपूर' लिहू नये. कंपनीकडे त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. त्यात टीएचसी, सीबीडी आणि टर्पीन वेगवेगळे, मिलिग्रॅममध्ये आणि तारखेसह हवेत. नुसते टक्के आणि एक रंगीत चक्र दिलं तर तो अहवाल नव्हे.

औषधीबाई

टर्पीन राहू दे बाजूला. @सुगरण, आई रक्त पातळ करायची गोळी घेतात का? वॉर्फरिन असेल आणि तेलात सीबीडी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढू शकतो. आणि हे तेल डॉक्टरांच्या किंवा वैद्यांच्या चिठ्ठीवर आलंय का तसंच? तसंच असेल तर बाटली घेऊन आधी त्यांच्याकडे जा, थेंब तोवर थांबवा.

सुगरण_साताऱ्याची

वॉर्फरिन नाही, पण दुसरी कुठली तरी पातळ करायची आहे, पट्टी बघून नाव सांगते. चिठ्ठी भावाने व्हिडिओ कॉलवर घेतली म्हणे, पाच मिनिटांत. उद्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेते आईला. बॅच नंबर बाटलीच्या बुडाशी आहे, अर्धा पुसलेला.